वांग्याचं हक्कसोडपत्र

कल्याण गावंडे सहा वर्षांनी थोरल्या भावाच्या, मच्छिंद्ररावांच्या घराचा जिना चढले आणि वर पोचताच पहिला वाद चपलांवरून झाला.

"काढा काका," दारात उभी असलेली त्यांची पुतणी प्रियदर्शनी म्हणाली. "आणि हात साबणानं धुवा."

"मी काय गोठ्यातून येऊन राह्यलो का? धावड्याहून आलोय."

"तेच म्हणतेय मी."

कल्याणरावांनी चपला काढल्या. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, तेव्हापासून ते शहरातल्या मस्तगड भागातल्या या घरी आले नव्हते. आज आले होते तेही भावाला भेटायला नाही, वांग्यासाठी. हे त्यांनी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही बजावून सांगितलं होतं.

घर तसंच होतं. खाली मच्छिंद्ररावांचं फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, मधल्या मजल्यावर बिऱ्हाड आणि त्याच्यावर, मुलाच्या लग्नानंतर लागतील म्हणून बांधलेल्या दोन खोल्या. मुलगा, म्हणजे अद्वैत, पुण्याला गेला तो तिकडचाच झाला आणि खोल्या त्याच्या बहिणीला तात्पुरत्या मिळाल्या. गावंड्यांच्या घरात मुलीला जे मिळतं ते तात्पुरतंच मिळतं. प्रियदर्शनीनं मात्र त्या तात्पुरत्या खोल्यांत एसी बसवला, मांडण्या उभ्या केल्या आणि दाराबाहेर प्रयोगशाळेची पाटी ठोकली. केळीची रोपं करणाऱ्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं नोकरी करून ती परत आली होती. ती नेमकं काय करते हे मस्तगडातल्या कुणालाच सांगता येत नसे, पण तिच्याबद्दल मात्र सगळ्यांना पुष्कळ सांगता येत असे.

कल्याणरावांनी काचेतून आत पाहिलं. ओळीनं बाटल्या. बाटलीच्या तळाशी जेली, जेलीवर फुलकोबीच्या कणांसारखे हिरवट गोळे, काही गोळ्यांना कोंब.

"माणसाला पंखा आणि पानाला एसी," ते म्हणाले.

"पानं वाद घालत नाहीत, काका. त्यांना द्यायला परवडतं."

या सगळ्याची सुरुवात मागच्या वर्षी माईच्या, म्हणजे दोघा भावांच्या आईच्या वर्षश्राद्धाला झाली होती. बापूंच्या, म्हणजे कैलासवासी रखमाजी गावंड्यांच्या वांग्याची भाजी पानात असावी अशी माईची शेवटची इच्छा होती. साधी इच्छा होती. पण त्या दिवशी गावी, धावड्यात, स्वयंपाकाला बसल्यावर कळलं की बापूंचं वांगं घरात कुणाकडेच नाही. शेत कसतो तो कल्याण, तेव्हा बी त्यानं धरलं असणार असं मच्छिंद्ररावांना वाटत होतं. जे जे चांगलं ते दादानं आधीच उचललं असणार, असं कल्याणराव धरून चालले होते. बोलणं बंद असल्यामुळे विचारायची सोय नव्हती. दोघांनी पाच वर्षं एकमेकांवर असा विश्वास टाकला आणि वांगं बुडालं.

पण हे कबूल कोण करणार? पंगतीत मच्छिंद्रराव मोठ्यानं म्हणाले, बापूंचं झाड आपल्याला ठाऊक आहे. त्यावर कल्याणराव त्याहून मोठ्यानं म्हणाले, ठाऊक काय, आपल्याकडे उभं आहे. तेव्हा प्रियदर्शनी म्हणाली होती की मग बी नको, नुसतं एक पान आणून द्या. बियाण्यात तसाही अर्थ राहिला नव्हता. धावड्याच्या चारी बाजूंनी बियाणं कंपन्यांची शेडनेट, म्हणजे जाळीची शेतघरं, उभी राहिली होती आणि इकडचा पराग तिकडे नेणाऱ्या मधमाशीला सातबारा कळत नाही. एका वांग्याचं बी धरलं तर पाच तऱ्हेची वांगी निघत होती. पानाचं तसं नसतं. पान धुवायचं, नखाएवढे तुकडे करायचे, जेलीवर ठेवायचे. तुकड्याला गोळा येतो, गोळ्याला कोंब, कोंबाला मुळं. एखादं रोप वेगळं निघतं, ते फेकून द्यायचं. बाकीची ज्या झाडाचं पान, त्या झाडासारखीच.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात तीन पानं आली. एक अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, खिशातून काढून दिलं. एक काकांनी दिलं. तिसरं ओल्या फडक्यात बांधून झुंबरआत्यानं मागाहून जाफराबादच्या जीपवाल्याजवळ पाठवलं, तेव्हा दोघे भाऊ हसले होते. "आक्काचं कुठलं आलं वांगं!" असं म्हणताना त्यांचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं होतं, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते. गच्चीवरच्या जाळीखाली तिन्ही पानांची झाडं कुंड्यांत उभी होती, फळावर आली होती. एक, दोन, तीन असे आकडे कुंड्यांवर होते. कुठला आकडा कुणाचा, हे फक्त प्रियदर्शनीला माहीत होतं. आज तिन्हींची भाजी चाखून बापूंचं वांगं कुठलं ते ठरवायचं होतं.

मध्यंतरी कृषी खात्यातल्या कुणीतरी मच्छिंद्ररावांना सांगितलं, की शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं वाण सरकारदरबारी नोंदवता येतं, प्रमाणपत्र मिळतं, सत्कार होतो. त्या दिवसापासून मच्छिंद्ररावांनी गल्ल्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून खिळा रिकामा ठेवला होता. कल्याणरावांनी धावड्याच्या फाट्यावर पाटी लावायची ठरवली होती: वर बापूंचा फोटो, खाली स्वतःचा, स्वतःचा जरा मोठा.

*

स्वयंपाकघरात विमलबाईंनी तीन पातेली उतरवली. तिन्हींत तोच काळा मसाला, तेच शेंगदाण्याचं कूट, मीठ चमच्यानं मोजून. मुलीनं तसं बजावलं होतं. विमलबाई चौतीस वर्षं या घरात स्वयंपाक करत होत्या आणि मीठ मोजायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्यांच्या नणंदबाई, झुंबरबाई, खाली बसून भाकरीचं पीठ मळत होत्या. सहासष्टाव्या वर्षी सकाळची एसटी पकडून त्या जाफराबादहून आल्या होत्या आणि आल्या आल्या परातीला भिडल्या होत्या. माहेरी पाहुणी म्हणून बसायची त्यांना सवय नव्हती.

"आक्का," विमलबाई हळूच म्हणाल्या, "तिसरी टोपली चिरताना देठाचा काटा अंगठ्यात गेला माझ्या."

झुंबरबाईंनी मान वर केली नाही. "मंग?"

"सासूबाई म्हणायच्या ना, बापूंचं वांगं रक्त काढल्याबिगर शिजत न्हाई. मला चिरतानाच कळलं."

"कोणाला बोललीस का?"

"कोण इचारतंय मला?"

झुंबरबाई पीठ मळत राहिल्या. लग्नात निघताना माईनं दोन रोपं मुळाच्या मातीसकट ओल्या फडक्यात बांधून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. सासूनं त्यावर फदाटांच्या घरात वांगी नाहीत का, असं विचारलं होतं. रोपं न्हाणीच्या पाण्यावर लावली, एक मेलं, एक जगलं. झाड म्हातारं व्हायला लागलं की त्याचीच एक फांदी मातीत दाबायची आणि मुळं धरली की वेगळी करायची, असं त्या चव्वेचाळीस वर्षं करत आल्या होत्या. गेल्या दोन सालांत झाड रोगट झालं, फांद्या मुळं धरेनात. हे आपल्याबरोबरच संपणार असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. म्हणून पान पाठवलं. आणि आज त्या आल्या होत्या ते एवढंच बघायला, की आपण जगवलं ते आपणच जगवलं असं कुणी म्हणतं का.

*

जेवायला भाऊ समोरासमोर बसले, म्हणजे एकमेकांकडे न बघायला सोपं जावं. प्रियदर्शनीनं पहिल्या पातेल्यातलं वाढलं.

मच्छिंद्ररावांनी घास घेतला आणि सावधपणे चावला. हे आपलंच असलं तर? "चव हाय," ते म्हणाले. "बऱ्यापैकी हाय."

"मला तर बराबर वाटून राह्यलं," कल्याणराव म्हणाले. त्यांच्याही मनात तेच होतं.

दुसरं पातेलं. दोघांनी पुन्हा तेच केलं. स्तुती करावी तर भावाच्या वांग्याची व्हायची, नावं ठेवावीत तर आपल्याच निघायची. शेवटी दोघांनी मिळून मिठाची स्तुती केली.

मग तिसरं आलं. मच्छिंद्ररावांनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. भाकरी संपली तेव्हा त्यांनी न बघता हात पुढे केला आणि विमलबाईंनी दुसरी ठेवली. बापू गुडघ्याच्या दुखण्यामुळे शेतात उभ्यानंच जेवायचे, भाकरी तळहातावर आणि भाजी भाकरीवर, ते मच्छिंद्ररावांना दिसलं. गिऱ्हाइकांसमोर तीस वर्षं न हललेला माणूस वांग्यापुढे हलला.

"हेच," ते म्हणाले.

"शंभर टक्के हेच," कल्याणराव म्हणाले. त्यांचंही नाक ओलं झालं होतं. "दादा, आठवतं का, माय आपल्याला एकाच ताटात वाढायची."

"तू माझं बी खायचास."

"तू जल्दी खायचा न्हाईस तर मी काय करू?"

सहा वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. हे चित्र एवढं सुंदर होतं की प्रियदर्शनीला ते मोडायचा क्षणभर कंटाळा आला. पण क्षणभरच.

"हे तीन नंबर," ती म्हणाली. "आत्याचं."

दाराशी बसलेल्या झुंबरबाईंनी पदर सारखा केला.

"मसाला जरा बराबर पडलाय ह्याच्यात," कल्याणराव म्हणाले.

"मसाला मोजून सारखा घातलाय."

"मंग भूक लागल्ती."

"तिसऱ्या पातेल्याला लागली?" असं म्हणून प्रियदर्शनीनं दोन ताजी वांगी आणून मधोमध ठेवली. "आता हे बघा. हे एक नंबर, हे दोन नंबर. एक अप्पांचं, एक तुमचं. फरक सांगा."

दोन्ही वांगी गुळगुळीत, जांभळी, एका आईची जुळी दिसावीत तशी. दोघांनी ती उलटून पालटून पाहिली. फरक सापडेना.

"काका, तुम्ही पान कुठून तोडलं होतं?"

"शेतातून."

"शेडनेटच्या कडेला घरच्या खाण्यासाठी रोपवाटिकेतली हायब्रीड वांगी लावली होती तुम्ही, त्या रांगेतून?"

कल्याणराव भाकरीचा पापुद्रा काढण्यात गुंग झाले.

"आणि अप्पा, तुम्ही श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेला होतात..."

"मी बी शेतातूनच आणलं," मच्छिंद्रराव म्हणाले. "पान म्हणजे पान. मला काय म्हाईत त्याच्यातून आख्खं झाड काढतेस तू, अन् बरूबर तसंच."

"म्हणजे दोघांनी एकाच रांगेतून तोडलं."

आता या ठिकाणी कुठल्याही घरात दोघे खजील झाले असते. पण हे गावंडे होते.

"दादा, तू माझ्या शेतातलं पान चोरलंस?" कल्याणराव म्हणाले.

"तुझं कुठलं? आपलं शेत हाय."

"रांग माझ्या वाटणीत येते. मोजणी झालेली हाय. न इचारता शिरलास तू."

"अन् तू हायब्रीड आणून बापूंचं म्हणून खपवतोस ते?"

"ते नंतर बघू. आधी हद्दीचं बोल."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की काय हे कुणी पाहिलं नाही.

"भांडण झालं की सांगा," प्रियदर्शनी म्हणाली. "मला अर्ज भरायचाय. वाणाचं नाव मी रखमाजी वांगं असं लिहितेय. आजोबांचंच नाव. पुढचा रकाना आहे, वाण कुणी सांभाळलं आणि कुठे. तिथे आत्याचं जाईल. झुंबरबाई फदाट, जाफराबाद."

दोघांचं भांडण मधेच थांबलं.

"फदाट?" मच्छिंद्रराव म्हणाले.

"आडनाव आहे त्यांचं. तुम्हीच करून दिलंय."

मच्छिंद्रराव उठले. हात धुताना त्यांनी धाकट्या भावाला नुसती मान हलवून बोलावलं आणि दोघे गच्चीवर गेले. सोयरे मधे पडले होते, पंच बसले होते, आईच्या दहाव्याला भटजींनी उपदेश केला होता. कशानंही जे झालं नाही ते फदाट या आडनावानं पाच मिनिटांत केलं.

*

ते खाली आले तेव्हा मच्छिंद्ररावांच्या हातात दुकानाच्या छापील पानावर लिहिलेला कागद होता. अक्षर कल्याणरावांचं होतं, मजकूर मच्छिंद्ररावांचा. इतकं सहकार्य या दोघांनी बापूंना खांदा देतानाही केलं नव्हतं.

"आक्का," मच्छिंद्रराव गोड आवाजात म्हणाले, "एवढी सही कर गं जरा. मंग चहा टाकायला सांगतो."

"कशाची हाय?"

"काई न्हाई. रीतीचा कागद हाय."

झुंबरबाईंना रीतीचा कागद माहीत होता. बापू गेल्यावर तीन महिन्यांनी दोघा भावांनी त्यांना जीपनं भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत नेलं होतं. तिथे वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क भावांना सोडून दिल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. सगळ्या बहिणी करतात. त्या दिवशी हिरवी साडी मिळाली, हॉटेलात जेवण मिळालं, आणि येताना दोघेही भाऊ त्यांच्याशी इतकं प्रेमानं बोलले होते की त्यांना घरी जाऊन रडू आलं होतं.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या.

"आता काय वाचायचं त्याच्यात?"

"माझा चष्मा जाफराबादला राह्यलाय. वाच."

मच्छिंद्ररावांनी घसा साफ केला. "'लिहून देणार झुंबरबाई भ्रतार नामदेव फदाट. मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देते की, आमचे वडील कैलासवासी रखमाजी गावंडे यांचे वांगे हे पूर्वापार मौजे धावडा येथे माझे बंधू मच्छिंद्र व कल्याण यांनीच सांभाळलेले असून, सदर वांग्यावर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क, हितसंबंध वा दावा राहिलेला नाही व पुढेही राहणार नाही...'"

"वारसांचा," विमलबाई म्हणाल्या. "वांग्यावर."

"कायद्यात लिवावं लागतं," कल्याणराव म्हणाले.

झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ह्याच्यात मी पाणी घातलं ते कुठं लिवलंय?"

"आक्का, तसं लिवायचं नसतं."

"का?"

"अगं, बापाचं नाव र्‍हायला पाहिजे का न्हाई?" मच्छिंद्रराव म्हणाले. "का फदाटांचं वांगं म्हणून जगात फिरवायचंय?"

"बापूंचं नाव हाय की वांग्याला. पोरीनं आत्ताच सांगितलं. त्याच्याबद्दल माझं काय म्हणणंय? सांभाळलं कोणी ह्या रकान्यात मला टाका, एवढंच म्हणून राह्यले मी."

"पण आडनाव..."

"आडनाव मी मागायला गेल्ते का? तुम्हीच मांडव घालून दिलं."

कल्याणरावांनी दुसरी बाजू धरली. ते बहिणीच्या शेजारी मांडी घालून बसले. "आक्का, तुला काय कमी केलंय आम्ही? दिवाळीला साडी, राखीला साडी. माणूस गेल्यावर बाईला माहेराबिगर कोण असतं? उगं एका वांग्यासाठी माहेर तोडून घेतेस?"

हे बोलणं ठरलेल्या जागी लागलं. झुंबरबाईंच्या नजरेसमोर माहेरचं बंद दार आलं, त्यांनी पदरानं डोळे पुसले. नवरा गेल्यापासून वर्षातून दोनदा येणारा फोन हेच त्यांचं माहेर होतं, आणि तेही जाईल या भीतीनं त्यांनी कितीतरी गोष्टी गिळल्या होत्या. कागद त्यांच्या मांडीवर होता. पेन कल्याणरावांनी टोपण काढून पुढे धरलं होतं.

मच्छिंद्ररावांना वाटलं, झालं. तरी त्यांनी दुसरीकडूनही कुलूप लावायचं ठरवलं. "प्रिये, तू आता अर्जावर धावडा लिही. आमच्या दोघांची नावं टाक. आकडे बदल कुंड्यांवरचे."

"ते पान आत्याचं आहे, अप्पा."

"अन् खोल्या माझ्या हायेत."

सकाळपासून जिची जीभ कुणासमोर अडखळली नव्हती त्या प्रियदर्शनीनं वरच्या खोल्यांच्या जिन्याकडे पाहिलं. दोन हजारांवर बाटल्या होत्या मांडण्यांवर. त्यांतल्या कोंबांना दोन दिवस उष्णतेत ठेवलं तर सगळं संपणार होतं. त्या घेऊन ती जाणार कुठे? तिला वडिलांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण मनातल्या मनात ती कुंड्यांवरचे आकडे पुसून बघत होती.

"तिला कशाला भेव दावतो?" झुंबरबाई म्हणाल्या. आवाज अजून ओला होता. "सही माझी पाहिजे ना तुला? मंग माझ्याशी बोल." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घातली, आणि तो कल्याणरावांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. "मी न्हाई करत. जमिनीवर केली, कारण जमीन तुम्ही कसत व्हतात. वांगं मी जगवलंय. येऊ नको म्हणाल तर न्हाई येणार मी. पण सही न्हाई करणार."

"मंग ह्या खोल्या..." मच्छिंद्ररावांनी सुरुवात केली.

"खोल्या रिकाम्या व्हायच्या न्हाईत," विमलबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या. "मी सांगून राह्यले."

चौतीस वर्षांत त्यांनी या घरात काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे मच्छिंद्ररावांनी आधी आवाज कुणाचा ते वळून पाहिलं. प्रियदर्शनीनं अर्ज ओढून घेतला आणि रकाना भरला. पूर्ण नाव, पूर्ण आडनाव, पूर्ण पत्ता. अक्षर जरा वाकडं आलं, पण तिनं ते वडिलांसमोर लिहिलं.

आणि कल्याणराव? वारं कुठून येतं हे शेतकऱ्याला चटकन कळतं. ते बसल्या जागीच आणखी बहिणीकडे सरकले.

"मी दादाला वरतीच म्हणल्तो, आक्का, हे बराबर न्हाई," ते म्हणाले. "बिलकुल म्हणल्तो. आता असं कर, रोपं जास्तीची झाली तर माझ्या शेडनेटमधी लावू. तुझ्याच नावानं. फाट्यावर पाटी लावतो तुझ्या फोटोची."

"तुझा फोटो कुठं?"

"खाली टाकू की. बारका."

मच्छिंद्ररावांनी धाकट्या भावाकडे असं पाहिलं, की पुढची सहा वर्षं आता सुरू झाली हे सगळ्यांना कळलं. ते गच्चीवर निघून गेले.

*

चारच्या एसटीसाठी झुंबरबाई निघाल्या तेव्हा आपली झाडं एकदा डोळ्यांखालून घालावीत म्हणून त्या वर गेल्या. जाळीखाली एका बाजूला अडतीस कुंड्या होत्या, सगळ्यांवर तीनचा आकडा, सगळ्यांची पानं त्यांच्या न्हाणीजवळच्या झाडासारखी, देठांना तेच काटे. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं. इतकी सगळी आपलीच, हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

मच्छिंद्रराव पलीकडे रस्त्याकडे बघत कठड्याला टेकून उभे होते. बासष्ट वर्षांचा, दुकानात तीन माणसं कामाला ठेवलेला माणूस, पण फुगून बसलेला पोरगाच दिसत होता.

"त्यातली दोन मला देशील का?" ते रस्त्यालाच म्हणाले. "इथं गच्चीवर ठेवतो. बाकी काही न्हाई. खायला."

"देते की," झुंबरबाई म्हणाल्या. "दोन कशाला, चार घे. मागच्या साली मागितलं असतं तर मागच्या साली बी दिलं असतं. माय असताना दिलं असतं."

"मला काय म्हाईत तुझ्याकडं व्हतं."

"कसं म्हाईत र्‍हाईल? चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही दोघांनी माझ्याकडं कधी काही मागितलंच न्हाई, मच्छिंद्र. सह्या तेवढ्या घेतल्या."

त्या हे रागानं बोलल्या नाहीत. चार कुंड्या उचलून त्यांनी सावलीच्या बाजूला नीट ओळीत ठेवल्या आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. मच्छिंद्रराव कुंड्यांजवळ आले, वाकले, एका कुंडीतली माती बोटानं दाबून बघितली.

"पाणी किती घालायचं ह्याला?" त्यांनी बहिणीला विचारलं.